कुंडीतलं ऑलिव्ह आणि माझी काळी माती

आज रानातलं नाही, पुण्यात पोराच्या बाल्कनीतल्या एका कुंडीचं लिहितोय. चूक माझी, म्हणून लिहायला जरा उशीर झाला.

मागच्या उन्हाळ्यात सूनबाईनं हौसेनं ऑलिव्हचं रोप आणलं. मी म्हणलं, नर्सरीची माती काय कामाची, आपल्या नदीकाठचं सोनं आणतो. पोतंभर काळी माती अन् शेणखत नेलं, माझ्या हातानं कुंडी भरली.

जुलैत तिचा फोन आला, "मामा, पानं पिवळी पडाय लागलीत." मी न बघताच सांगितलं, नत्र कमी पडलंय, १९:१९:१९ फवार अन् पाणी वाढव. पंधरा दिवसांत पानगळ सुरू झाली. तवा मी बोलून गेलो, "झाड जगवायला हात लागतो." ती गप्प बसली. पुन्हा तिनं झाडाचं नावच काढलं नाही.

दसऱ्याला पुण्याला गेलो. कुंडी उचलून बघितली तर दगडासारखी जड. वरची माती सुकून भेगाळलेली, पण काडी खुपसली तर खाली नुसता गारा. उपडी केली तर सडका वास. बुडाचं भोक माझ्याच चिकण मातीनं लिंपून गेलेलं. मुळ्या तपकिरी, चिमटीत धरल्या की साल निसटत होती.

रानात ही माती खोल असते, भेगा पडतात, हवा खेळते. वीतभर कुंडीत तिला निचरा कुठला? मुळाला हवा मिळाली नाही की खतपाणी असूनही झाड उपाशी राहतं. त्यात हे भूमध्य समुद्राकडचं झाड. तिकडं पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा, जमीन खडकाळ चुनखडीची. आपल्याकडं राजस्थानात लावलंय, तेही बिकानेरकडच्या लुणकरणसरसारख्या कोरड्या मुलखात.

मग दोघांनी मिळून केलं ते असं. सडक्या मुळ्या कापल्या. एक भाग माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग चाळलेला मुरूम अन् मूठभर कुजलेलं खत. भोकावर खापरीचा तुकडा. खालची ताटली काढली, कुंडी दोन विटांवर ठेवली, पावसाच्या आत पण उन्हात. बोटाची दोन पेरं माती कोरडी झाली तरच पाणी, पण दिलं तर बुडातून निथळेपर्यंत. नवी फूट येईपर्यंत खत बंद.

पिवळं पान बघून लगेच खत टाकू नका. आतली जुनी दोन-चार पानं पिवळी होऊन गळाली तर ते साहजिक आहे. नवं पान पिवळं अन् शिरा हिरव्या, तर लोह बघा. सगळं झाड फिकट, सुरुवात जुन्या पानापासून, तर नत्र. पण माती ओली असून पान पिवळं पडतंय, तर आधी मूळ बघा.

त्याच दिवशी मी सूनबाईला म्हणलं, "पोरी, हात तुझा वाईट नव्हता, माती माझी होती." ती हसली, म्हणाली, "मामा, पुढच्या खेपेला पोतं आणायच्या आधी फोन करा."

पिवळी पानं काही हिरवी झाली नाहीत, गळूनच गेली. पण संक्रांतीला शेंड्याला फूट आली. फोटो तिनंच पाठवला.

तुमच्या दारात कुंडीत लिंबू, कढीपत्ता असेल तर आज बुडाचं भोक तेवढं बघून घ्या.