कालव्याकाठची सायकल आणि खिशातली साखर

"डॉक्टर, सायकल चालवली तर शुगर कमी होते का हो?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. इतकी वर्षं माझं उत्तर ठरलेलं असे : "होते ना, नक्की चालवा." आणि मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारायचो. उत्तर खरंच होतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं मला मुठा कालव्याच्या काठावर कळलं, आणि तेही मी स्वतः डायबेटिसचा पेशंट म्हणून.

होय, मलाही डायबेटिस आहे. आठ वर्षं झाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी मी रोज सकाळी घेत असे. त्रेपन्नाव्या वर्षी पोट बरंच पुढे आल्यावर बायकोने सुनावलं, "लोकांना सांगता ते स्वतः कधी करणार?" मग गिअरची माउंटन बाइक घेतली. हडपसरचे एक निवृत्त शिक्षक आधीपासून सायकल चालवत होते. आम्ही त्यांना सर म्हणतो. त्यांनी मला कालव्याचा रस्ता दाखवला.

खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा पुणे शहर ओलांडून हडपसर, फुरसुंगी, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत असा दौंड-इंदापूरकडे जातो. खडकवासल्याचं धरण 1879 सालचं. 12 जुलै 1961 ला पानशेतच्या लोंढ्यात तेही फुटलं, पुन्हा बांधलं गेलं. आज दोन कालवे दिसतात : नवा मोठा, आणि जुना लहान, ज्याला सगळे बेबी कॅनॉल म्हणतात. सायकलवाल्यासाठी कालव्याची मोठी खुबी म्हणजे तो चढत नाही. पाणी स्वतःच्या ओढीने वाहायला हवं, म्हणून कालवा जमिनीचा कल धरून, टेकडीला वळसा घालत, अगदी हलक्या उताराने नेलेला असतो. त्याच्या काठचा रस्ताही तसाच. नवशिक्याच्या हृदयावर एकदम ताण येत नाही. तासभर एका लयीत पाय फिरतात, थोडा दम लागतो, पण बोलता येतं. चाळिशी-पन्नाशीत व्यायाम सुरू करणाऱ्याला मी नेमकं हेच सांगतो : बोलता येईल इतकाच दम लागू द्या.

रस्ता मुरमाचा, कुठे काळ्या मातीचा. जाड टायर हवेत आणि त्यात हवा थोडी कमी. पावसाळ्यात मात्र तिकडे जाऊ नका. काळी माती चाकाला अशी चिकटते की चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. (अनुभव आहे.) पहिले दोन महिने माझी करंगळी बधिर व्हायची. सगळं वजन हँडलवर टाकलं की तळहाताच्या कडेची नस दाबली जाते. सरांनी माझी सीट बोटभर मागे घेतली आणि ती तक्रार संपली. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट फार खाली असते. त्यासाठी एक्स-रे काढण्याआधी पाना हातात घ्या.

हा सगळा मुलूख इतिहासाने भरलेला आहे. लोणीच्या पुढे थेऊर फाट्यावरून आत वळलं की चिंतामणीचं देऊळ. थोरले माधवराव पेशवे तिथेच 18 नोव्हेंबर 1772 ला गेले, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, क्षयाने. मी दर वेळी तिथे थोडा थांबतो. आज माझ्याकडे क्षयाचा पेशंट आला तर साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. पेशव्याच्या वैद्यांकडे काय होतं? उरुळी कांचनला 1946 साली गांधीजींनी निसर्गोपचार केंद्र सुरू केलं, ते आजही आहे. आणि यवतच्या पुढे, कालवा सोडून उजवीकडे आठेक किलोमीटर चढून गेलं की भुलेश्वर. यादवकाळातलं देऊळ, भोवती मुरार जगदेवाने बांधलेल्या किल्ल्याचे अवशेष, आणि आत काळ्या दगडात कोरलेली स्त्रीरूपातली गणपतीची मूर्ती. तिथे सायकलने जायचं, हे माझं सहा महिन्यांचं स्वप्न होतं.

डिसेंबर महिना होता. रब्बीचं आवर्तन सुटलेलं, कालवा काठोकाठ. त्या दिवशी संकष्टी होती आणि मला उपास होता. रात्री जेवण लवकर झालं होतं. पहाटे निघताना फक्त बिनसाखरेचा चहा घेतला आणि हात सवयीने गोळीच्या पाकिटाकडे गेला. बायको म्हणाली, "उपास आहे ना, मग गोळी कशाला?" मी म्हणालो, "डॉक्टर कोण आहे, तू की मी?"

ठरलं असं होतं की उरुळीला साबुदाण्याची खिचडी खायची. पण उरुळीला पोचलो तेव्हा वेग छान पडत होता. मीच म्हणालो, "सर, थांबायला नको, यवतला खाऊ." खिशात ना साखर, ना ग्लुकोमीटर. ग्लुकोमीटर दवाखान्याच्या टेबलावर होता, लोकांच्या शुगर मोजायला.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही, आणि माझ्या मते या प्रसंगातली सगळ्यात भीतीची गोष्ट हीच आहे. घाम येत होता. सायकल चालवतोय तर घाम येणारच, असं वाटलं. डिसेंबरच्या थंडीत मानेवरून ओघळणारा थंडगार घाम, तरी मला शंका आली नाही. सर सांगतात की त्यांनी मला दोनदा विचारलं, "डॉक्टर, बरं वाटतंय ना?" आणि मी दोन्ही वेळा खेकसलो, "पुढे बघून चालवा." मी कधी खेकसत नाही. मग माझी सायकल हळूहळू डावीकडे, पाण्याच्या बाजूला सरकू लागली. भरलेल्या कालव्याच्या अस्तर केलेल्या तिरक्या बाजूंवर शेवाळ असतं. पोहता येणाऱ्यालाही तिथून वर चढता येत नाही. सरांनी सायकल टाकली, धावत येऊन माझं हँडल धरलं आणि मला खाली उतरवलं. मी त्यांच्याशी भांडलो म्हणे.

शंभर-दीडशे पावलांवर एक गुऱ्हाळ चालू होतं. यवत-केडगावच्या भागात ती जागोजागी आहेत. मालकाची आई बाहेर बाजेवर बसली होती. मला बघून तिने सरांना काही विचारलंही नाही. आत ओरडली, "आरं, रस आण आधी! आमच्या ह्यांना बी असंच व्हतं." पेलाभर उसाचा रस मला पाजला. दहा-बारा मिनिटांनी पुन्हा एक पेला. दुसरा पेला हातात असताना मला कढईचा आवाज ऐकू यायला लागला, आणि कळलं की तो बराच वेळ चालू असणार.

सरांनी तोंड फाटकं ठेवून सांगितलंच, "अहो, हे डॉक्टर आहेत." बाई म्हणाल्या, "व्हय? मग साखर का नाय ठेवली खिशात?"

पाऊण तासाने यवतला एका ओळखीच्या डॉक्टरांकडे शुगर तपासली. दोन पेले रस आणि एक केळं पोटात गेल्यावर 91. आधी किती असेल, त्याचा अंदाज तुम्हीच करा.

आता हे का झालं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हीच गोळी आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही औषधं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाहीत. व्यायामात मांडीचे स्नायू तर इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणजे दोन्हीकडून ओढ आणि वरून पोट रिकामं. त्यात सहा महिन्यांत माझं पाच किलो वजन उतरलं होतं. शरीराची गोळीची गरज कमी झाली होती, पण डोस जुनाच होता. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 6.4 आली तेव्हा मी खूश झालो होतो. या गोळीवर असताना इतका कमी आकडा आला तर शाबासकी घेण्याआधी डोसाचा विचार करायला हवा होता.

शुगर 70 च्या खाली गेली की तिला हायपोग्लायसेमिया म्हणतात. 54 च्या खाली मेंदूचं काम बिघडायला लागतं. आधी घाम, थरथर, धडधड, भूक. मग चिडचिड, गोंधळ, अडखळत बोलणं. बघणाऱ्याला माणूस प्यायलाय असं वाटतं. बीपी किंवा हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. म्हणून डायबेटिसच्या माणसाला अवेळी थंड घाम आला की आधी साखर द्या आणि मग चर्चा करा. ग्लुकोमीटर जवळ असेल तर मोजा, नसेल तर त्यासाठी थांबू नका.

किती द्यायची? सुमारे 15 ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून, किंवा छोटा पेला फळांचा वा उसाचा रस. पंधरा मिनिटं थांबा, बरं नसेल तर पुन्हा द्या. चॉकलेट, बर्फी, पेढा नको. त्यातल्या स्निग्धामुळे साखर हळू शोषली जाते. आणि बरं वाटल्यावर पोटभर खायचं, कारण गोळीचा अंमल संपलेला नसतो, शुगर पुन्हा उतरू शकते. वयस्कर माणूस असेल किंवा किडनी अधू असेल तर दिवसभर लक्ष ठेवावं लागतं, कधी दाखलही करावं लागतं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

एक गोष्ट फार कमी जणांना सांगितली जाते. आपल्याकडे तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या बऱ्याच लिहिल्या जातात. पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव आहे का बघा. ही औषधं आतड्यात साखरेचे तुकडे होऊ देत नाहीत, त्यामुळे अशा वेळी गूळ, साखर किंवा उसाचा रस उशिरा लागू पडतो. त्या लोकांनी खिशात ग्लुकोजची पावडरच ठेवायची. माझ्या गोळीत ते औषध नव्हतं, म्हणून गुऱ्हाळाने निभावलं.

त्या दिवशी पुढे जायचा हट्ट मी केला होता, हेही सांगून टाकतो. सरांनी ऐकलं नाही. दोन्ही सायकली टेम्पोत घालून आम्ही परत आलो. व्यायामानंतर स्नायू आपला रिकामा झालेला साठा पुढचे कित्येक तास भरत राहतात, त्यामुळे रात्री झोपेतही शुगर उतरू शकते. बायकोने पहाटे तीनला उठवून मोजली, 82 होती. ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

पण मला झोप लागली नाही, आणि कारण वेगळंच होतं. दोन महिन्यांपूर्वी मांजरीच्या एक आजी आल्या होत्या. माझ्याच गोळीवर होत्या. एकादशीला गोळी घेत नाही, असं त्यांनी सांगितलं. "उपासाला घेतली की अंधारी येते, डॉक्टरसाहेब." मी फाइलवरून डोळेही न उचलता म्हणालो होतो, "गोळी कधीच चुकवायची नाही, आजी." त्यांनी मान डोलावली होती. त्या वाक्यात पूर्ण निदान होतं आणि मी ते ऐकलं नव्हतं. त्या महिन्याची दुसरी एकादशी अजून यायची होती.

सकाळी रिसेप्शनच्या मुलीला फाइल शोधायला लावून त्यांच्या मुलाला फोन केला. आजींना बोलावून शुगर, किडनी तपासली, गोळी बदलली. मी माझ्या एका मित्र डॉक्टरांकडे पेशंट म्हणून गेलो. त्यांनी माझी गोळीही बदलून ग्लिप्टिन गटातली दिली, ज्यात एकटीने शुगर फार उतरण्याचा धोका कमी असतो. तुम्ही हे वाचून आपली गोळी आपणच बंद करू नका, बदलूही नका. फक्त पुढच्या भेटीत पाकीट घेऊन जा आणि डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा : मी उपास कोणते करतो, व्यायाम किती वाजता करतो, आणि कधी अंधारी आली होती का. डॉक्टर घाईत असले तरी सांगा. आम्ही कधीकधी वर बघत नाही.

आजींना मी "तुमचं बरोबर होतं" असं म्हणालो तेव्हा त्या जरा गोंधळल्या. मग म्हणाल्या, "अहो, मी तुमचं ऐकलंच नव्हतं. तुम्ही रागवाल म्हणून हो म्हटलं."

फेब्रुवारीत आम्ही भुलेश्वरला जाऊन आलो, या वेळी पोहे खाऊन. घाटात दोनदा उतरून सायकल ढकलली. येताना त्या गुऱ्हाळावर थांबून पाच किलोची ढेप घेतली, सरांसाठी. बाईंनी पैसे मोजून घेतले आणि माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. मी ग्लुकोजची पुडी काढून दाखवली.