ओडिसी घेण्याआधी

चि. चिनूस,


न्यू जर्सीतल्या एडिसनच्या डीलरकडे पाहिलेली २०१२ ची होंडा ओडिसी घेऊ का, असं तू विचारलं आहेस. ९८ हजार मैल झालेत, किंमत झेपण्यासारखी आहे आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार म्हणून मोठ्या गाडीची निकड आहे. सगळं कळलं. ‘होंडा आहे, म्हणजे चालेलच’ हे तुझं वाक्य तेवढं पटलं नाही. अमेरिकेतली आपली मंडळी होंडा आणि टोयोटा या दोन नावांवर कुलदैवतासारखी श्रद्धा ठेवून असतात. ओडिसी घेताना नावाआधी साल बघावं लागतं.

१९९९ साली ओडिसी ऐसपैस झाली. साडेतीन लिटरचं व्ही-६ इंजिन आलं, सरकते दरवाजे आले, आणि मुलंबाळं असलेल्या घरांच्या तिच्यावर उड्या पडल्या. इंजिन दणकट, पण ट्रान्समिशनची प्रकृती तोळामासा. १९९९ ते २००१ च्या गाड्यांत ते इतकं निकामी होऊ लागलं की कंपनीला त्याची वॉरंटी ७ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. २००२ मध्ये चाराचे पाच गियर झाले, दुखणं राहिलंच. शेवटी २००४ मध्ये ओडिसी, पायलट, अकॉर्ड आणि काही ॲक्युरा धरून सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. दुसरा गियर तापून त्याचे दात तुटण्याची आणि धावत्या गाडीत ट्रान्समिशन जखडून जाण्याची भीती होती. त्या काळातली ओडिसी आज कुणी मातीमोल किमतीत देऊ केली, तरी ट्रान्समिशन नव्याने बांधून घ्यायला तीन ते पाच हजार डॉलर लागतात, हे आधी आठवावं.

तुझी गाडी त्यानंतरची, म्हणून तिचं दुखणं वेगळं. पेट्रोल वाचवण्यासाठी होंडाने २००५ पासून वरच्या श्रेणीच्या ओडिसींत एक युक्ती बसवली आणि २०११ पासून ती सगळ्याच ओडिसींत दिली. हायवेवर एका वेगाने जाताना सहापैकी काही सिलिंडर आपोआप बंद होतात, जोर लागला की पुन्हा सुरू होतात. कागदावर झकास. प्रत्यक्षात अनेक गाड्यांत बंद राहणाऱ्या सिलिंडरच्या पिस्टन रिंगांवर काजळी धरू लागली, इंजिन ऑइल पिऊ लागलं, स्पार्क प्लग खराब होऊन इंजिन अडखळू लागलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१३ च्या तडजोडीत या बिघाडाला आठ वर्षांचं संरक्षण मिळालं. २०१२ च्या गाडीपुरती ती मुदत केव्हाच उलटली आहे. आता रिंगा बदलायची वेळ आली, तर खर्च हजारांत आणि तोही तुझ्याच खिशातून. सिलिंडर बंद-चालू होताना बसणारे हादरे झेलणारे इंजिन माउंटही झिजतात. त्यांचे काहीशे डॉलर वेगळे. जाणकार मालक शंभरेक डॉलरचं एक छोटं उपकरण लावून ही युक्ती बंदच ठेवतात. पेट्रोल किंचित जास्त जातं, इतकंच.

आणि त्या ९८ हजार मैलांविषयी. या इंजिनाला चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे. तो साधारण १ लाख मैलांना किंवा सातेक वर्षांनी बदलावा लागतो. चालत्या इंजिनात तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच जातं. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलून घेतात. साधारण आठशे ते चौदाशे डॉलर पडतात. आता विचार कर, इतक्या ओडिसी नेमक्या लाखाच्या उंबरठ्यावर विकायला का येतात? मालकाने हिशेब केलेला असतो.

किरकोळ गोष्टी चटकन सांगतो. विजेवर चालणाऱ्या सरकत्या दरवाजांच्या केबल आणि मोटरी कुरकुरतात. दोन्ही दरवाजे पाच-सहा वेळा उघडून-मिटून बघ. २०११ ते २०१७ च्या सुमारे आठ लाख ओडिसी दुसऱ्या रांगेतल्या सीटांसाठी परत बोलावल्या होत्या, कारण त्या नीट अडकल्या नाहीत तर ब्रेक दाबताना पुढे कलंडू शकत. ती दुरुस्ती झाली आहे का, हे १७ अक्षरी व्हीआयएन क्रमांक सरकारी संकेतस्थळावर घालून फुकट कळतं, आणि राहिली असेल तर डीलर फुकट करून देतो. जर्सीच्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडतं, तेव्हा गाडी लिफ्टवर चढवून खालचा गंजही पाहायला हवा. टोयोटाची सिएना निर्दोष, असंही समजू नकोस. २०११ ते २०१६ च्या लाखो सिएना सरकत्या दरवाजांपायीच परत गेल्या. पण २००७ नंतरच्या तिच्या व्ही-६ इंजिनाला चेन आहे, बेल्टचा खर्च नाही. म्हणूनच ती जुनी झाली तरी महाग.

कायद्याचा आधार किती? न्यू जर्सीचा जुन्या गाड्यांचा ‘लेमन लॉ’, म्हणजे सदोष गाडी गळ्यात पडलेल्या ग्राहकाला संरक्षण देणारा कायदा, डीलरने विकलेल्या, ७ वर्षांपर्यंतच्या आणि १ लाख मैलांच्या आतल्या गाड्यांनाच लागू होतो. ६० हजार मैलांच्या वर वॉरंटी मिळते तीही जेमतेम ३० दिवस किंवा १ हजार मैल. तुझी गाडी वयातच बाद. तिच्या काचेवर ‘ॲज इज’ (आहे तशी) असा कागद असेल, तर दाराबाहेर पडल्यावर डीलरची जबाबदारी संपली.

माझं मत विचारशील तर २०१४ किंवा नंतरची शोध. त्या वर्षापासून सगळ्या ओडिसींत किमान सहा गियरचं ट्रान्समिशन आहे आणि ते आधीच्यापेक्षा बरं. हीच घ्यायची असेल, तर ओळखीच्या स्वतंत्र मेकॅनिककडून दीडेकशे डॉलर देऊन तपासून घे आणि ऑइलची डिपस्टिक स्वतः ओढून बघ. बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर किमतीतून बाराशे डॉलर कमी करायला सांग. डीलर नाही म्हणाला, तर ती गाडी सोडून दे. सही करण्याआधी व्हीआयएन मला पाठव.

तुझा,
मामा