अहो, हा माणूस पुण्यात राहत होता!

पुण्यात! अहो, आपल्या पुण्यात! गुप्तहेर ब्योमकेश बक्शीला घडवणारा लेखक पुण्यात राहत होता आणि हे मला आजवर कुणीच सांगितलं नाही!

आधीच सांगून टाकते, मी रहस्यकथांची जाणकार वगैरे मुळीच नाही. बंगाली मला मिठाईच्या नावांपलीकडे येत नाही. जे वाचतेय ते अनुवादातून, आणि तेही गॅसवर भाजी ठेवून. तेव्हा चुका नंतर काढा, आत्ता फक्त ऐका!

ब्योमकेश तुम्हाला आठवतोच. 1993, दूरदर्शन, बासू चॅटर्जींची मालिका, धोतर नेसलेला रजित कपूर! तर या ब्योमकेशचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय. जन्म 1899 चा, आणि तोही बंगालात नाही, जौनपूरला! वडील वकील, घर बिहारमधल्या मुंगेरला, यांनीही कायदा शिकून घेतला, आणि मग पूर्णवेळ लिहायला लागले, आणि मग 1932 मध्ये ब्योमकेश उभा केला, आणि मग धडाधड दहा कथा, आणि मग 1938 मध्ये हिमांशू रॉय यांच्या बॉम्बे टॉकीजचं बोलावणं आलं आणि हे सिनेमे लिहायला थेट मुंबईत! ब्योमकेश बसला वाट बघत. थोडीथोडकी नाही, पंधराएक वर्षं! वाचकांनी काय केलं असेल हो इतकी वर्षं? माझ्याच्यानं तर पुढची कथा उघडायला चहा होईपर्यंतही थांबवत नाही!

आणि मग ते पुन्हा ब्योमकेशकडे वळले, आणि मग 1952 मध्ये सिनेमाला रामराम ठोकून पुण्याला आले. कलकत्त्याला नाही, पुण्याला! आता माझ्याबरोबर हिशेब करा. ब्योमकेशच्या कथा तीसहून जास्त. पहिल्या दहा सोडल्या तर बाकीच्या सगळ्या त्या खंडानंतरच्या. म्हणजे हॅरिसन रोडवरचं ते बिऱ्हाड, ती ट्राम, तो पाऊस, तो पुंटीराम नोकर चहा घेऊन येतोय, यातलं कितीतरी पुण्यात बसून लिहिलेलं! खिडकीबाहेर पुणेरी दुपार आणि कागदावर कलकत्ता! मला हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना, शेजारच्या काकूंना सांगितलं, त्या म्हणाल्या, “बरं मग?” बरं मग काय, काकू!

आणि थांबा, अजून आहे! ‘शैलरहस्य’ नावाच्या कथेत ब्योमकेश कुठे जातो माहितेय? महाबळेश्वरला! खरंच! थंडीच्या दिवसांत सह्याद्री हॉटेलात उतरतो आणि तिथून मित्राला, अजितला, लांबलचक पत्र लिहितो, कारण भूतबित न मानणाऱ्या या गृहस्थाची तिथे चक्क भुताशी गाठ पडते. आपण तिथे जाऊन काय केलं? मक्याचं कणीस खाल्लं आणि घोड्यावर बसून फोटो काढला!

आणि खुनाच्या तऱ्हा तरी काय एकेक! ‘पथेर काँटा’मध्ये वर्तमानपत्रात जाहिरात येते, वाटेतला काटा दूर करायचा असेल तर अमुक वेळी अमुक दिव्याच्या खांबाला टेकून उभे राहा. आणि इकडे भर रस्त्यात चालती माणसं धाडकन कोसळतायत आणि छातीत सापडते ग्रामोफोनची पिन! पिन! बंदुकीचा आवाज नाही, मारेकरी दिसत नाही! कशानं मारली ते मी सांगणार नाही, मुळीच सांगणार नाही, पण कळलं तेव्हा मी एकटीच खोलीत टाळी वाजवली. दुसऱ्या एका कथेत साळिंदराचा काटा. आणि ‘माकडशार रस’मध्ये अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा, त्याला कोळ्याच्या विषाचं व्यसन, घरचे डोळ्यांत तेल घालून पहारा देतायत आणि तरी त्याला ते रोज मिळतंय! कसं? तुम्ही ओळखा. मला नाही जमलं.

पण मला खरं वेड लागलंय ते वेगळ्याच गोष्टीनं. हा ब्योमकेश लग्न करतो! एका खटल्यात सापडलेल्या मुलाच्या बहिणीशी, सत्यवतीशी! त्याला मुलगा होतो. घरात बायको आणि अजित यांची तूतू-मैंमैं चालते आणि जगाची कोडी सोडवणारा हा माणूस मध्ये गप्प! शेरलॉक होम्सच्या घरी असली भानगडच नाही. आणि काळही थांबत नाही, दंगली येतात, स्वातंत्र्य येतं, ब्योमकेश वयानं वाढतो, शेवटी भाड्याची जागा सोडून कलकत्त्यातल्याच केयातल्याला स्वतःचं घरसुद्धा बांधतो. ते वाचून मलाच वास्तुशांतीला गेल्यासारखं वाटलं!

आणि आता खुर्ची धरा! याच शरदिंदूबाबूंनी लहान मुलांसाठी सदाशिव नावाच्या पोराच्या कथा लिहिल्या, आणि हा सदाशिव कोण? शिवाजी महाराजांच्या फौजेतला पोरगा! बंगालमधली मुलं आपल्या मावळ्यांच्या उचापती बंगालीत वाचत मोठी झाली आणि आपल्याला पत्ताच नाही! मी तर वाचून ओरडलेच. (भाजी त्याच वेळी करपली.)

त्यांची शेवटची ब्योमकेशकथा ‘विशुपाल वध’. नाटक रंगात आलंय, रंगमंचावर अंधार होतो, दिवे लागतात तर एक नट खरोखरच मेलेला! आणि मग… आणि मग काही नाही! 1970 मध्ये लेखक गेले, कथा अर्धीच राहिली! खुनी कोण हे त्यांनी लिहिलंच नाही! माझा एकावर संशय आहे, पण नाव आत्ता सांगणार नाही. आधी तुम्ही वाचा, आणि वाचून झाल्या झाल्या मला फोन करा, कितीही वाजले असले तरी!