पुरातलं प्रेम

विद्रुपा नदीला आज गढूळ लोंढा आलाय. दुपारपासून झड, कुठं जाणं नाही. आत्याबाईसोबत टीव्हीवर ‘केदारनाथ’ पाहिला, 2018 चा. पुजाऱ्याची पोरगी, यात्रेकरूंना पाठीवर वाहणारा मुसलमान पिठ्ठू आणि शेवटी जून 2013 चा तो पूर.

हेलिकॉप्टरमधली जागा तो दुसऱ्याला देतो तिथं माझे डोळे भरलेच. मग स्वतःचाच राग आला. वर चोराबारी तलाव फुटला, हजारो माणसं गेली, आणि मी रडतोय ते न घडलेल्या जोडीसाठी! ‘टायटॅनिक’च्या वेळीही हेच. दीड हजारांवर माणसं बुडाली, ध्यानात राहिले जॅक आणि रोझ, दोघंही काल्पनिक. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सहाशेंवर माणसं घेऊन बुडाली. तिच्यावरही प्रेमपट निघाला असता तर मी तिथंही असाच रडलो असतो म्हणा.

आत्याबाईचं लक्ष जोडीकडं नव्हतंच. ती केदारनाथच्या पुराच्याच वर्षी मे महिन्यात तिथं जाऊन आलेली. गुडघ्यांमुळं पाठीवरच्या टोपलीत बसून चढलेली.

“असाच होता थो पोट्टा,” ती म्हणाली. “चढावर थांबे, अन् मलेच इचारे, माताजी थकलं का म्हून.”

“नाव काय होतं त्याचं?”

“इचारलंच नाही रे बाप्पा.”

जाहिराती लागल्या. मी आवाज कमी केला. ती पदराच्या टोकाला उगाच गाठ मारत, सोडत बसली.