पिवळे घर

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या नादी लागू नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे ठाम मत आहे. पण हजेरीपट आता एक्सेलमध्येच द्यावा लागतो. विद्यार्थी एकशे दहा. ज्याची हजेरी ७५ टक्क्यांहून कमी, त्याचे घर पिवळे आणि आकडा तांबडा करायचा. पहिल्या वर्षी मी ते हाताने केले आणि स्वतःचे डोळेच तांबडे करून घेतले!

मग भाचा धावून आला. ‘मामा, मॅक्रो लिहू.’ ती भाषा एक्सेलात १९९३ पासून आहे म्हणे. मोठी गमतीची! घराला ‘इंटीरिअर’, अक्षराला ‘फाँट’, आणि पुढे टिंब देऊन ‘कलर’. रंगाचे नाव म्हणजे आकडा. तांबडा २५५, पिवळा ६५५३५. तांबडा, हिरवा, निळा ० ते २५५ अशा मापाने कालवले की हवी ती छटा तयार. (तांबड्यात हिरवा मिसळला की पिवळा होतो, हे आमच्या चित्रकलेच्या मास्तरांना मुळीच पटले नसते.) कळ दाबली आणि यादी रंगली. मी ती ऐटीत फलकावर लावली.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी वडिलांना घेऊन दारात उभी. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. ‘सर, मी तर रोज येते हो!’ खरेच होते. तिचा प्रवेश उशिराचा. आकडा मागाहून भरू म्हणून मी घर रिकामे ठेवलेले, आणि यंत्राने रिकामे म्हणजे शून्य धरलेले. ओशाळून मी तिच्यादेखत ८२ लिहिले. ते उमटले तांबडे! मॅक्रो पुन्हा चालवला. घर पिवळे ते पिवळेच. केलेले मागे घ्यावे, तर मॅक्रो चालल्यावर तीही वाट बंद होते.

भाच्याला फोन लावला. ‘मामा, कमी असेल तर रंगव, एवढंच तुम्ही सांगितलंत. नसेल तर काय करायचं, ते कुठं सांगितलंत?’ मग त्याने ओळी सांगितल्या, मी लिहिल्या. आधी सगळा रकाना बिनरंगी करायचा, रिकामे घर वगळायचे, मग तपासायचे.

‘गेला, सर,’ मुलगी पडद्याकडे पाहत म्हणाली. वडिलांनी चहा घेतला नाही.

फलकावरची यादी काढायला मी स्वतः गेलो. तिच्या नावापुढच्या पिवळ्या घरात कुणीतरी पेनने लिहून ठेवले होते : ‘दांडीबहाद्दर’. कागदाची घडी करून मी खिशात घातली.