किल्ली दोघांची

गिअरबॉक्स हा काही बायकांच्या गप्पांचा विषय नव्हे. पण मैत्रिणींनो, आमच्या सिरसाळ्याच्या घरात वर्षभर दुसरा विषयच नव्हता!

मामंजींनी घेतलेली, मागे सामानाचा हौदा जोडलेली जुनी महिंद्रा जीप आमच्या दारात आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही. गिअर तीनच. पहिल्याला सिंक्रोमेश नाही; गाडी पुरती थांबल्याशिवाय टाकला की दात कराकरा वाजायचे. चालत्या गाडीत टाकायचा तर क्लच दोनदा दाबायचा आणि मध्ये अंदाजाने रेस द्यायची. तो अंदाज आधी मामंजींना, मग ह्यांना. त्यात बॉक्स झिजलेला. दुसऱ्या गिअरचा दांडा हाताने धरून ठेवावा लागे. परवाना असूनही माझ्या हाती गाडी कधी आली नाही.

मागल्या पावसाळ्यात हे लातूरला असताना रात्री सासूबाईंच्या छातीत कळ आली. जीप दारात, किल्ली खुंटीला, आणि आम्ही दोघी ओसरीवर शेजाऱ्यांच्या टेम्पोची वाट बघत! सासूबाई वाचल्या, पण ती अर्धी रात्र माझ्या मनातून जाईना.

ह्यांना गाडी भंगारात द्यायची होती. मी म्हटलं, “अहो, गाडी ठेवा, बॉक्स बदला. ओट्यासाठी साठवलेले पैसे घाला त्यात.”

परळीच्या मिस्त्रींनी महिंद्राच्याच नंतरच्या गाडीचा पाच गिअरांचा बॉक्स पसंत केला. पण हे काम जुना काढला, नवा बसवला इतकं सोपं नसतं. इंजिनाशी जुळण्यासाठी मधली तबकडी लेथवर करून घ्यावी लागली. क्लचप्लेट नव्या शाफ्टच्या खाचांना बसेल अशी आणली. बॉक्स लांब, म्हणून मागचा प्रॉपेलर शाफ्ट कापून आखूड केला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात गाडीतल्या फेरफारांसाठी ५२ वं कलम आहे. त्यामुळे आधी आर.टी.ओ. कचेरीत विचारलं, मगच पाना लावला. तुम्हीही तसंच करा.

सिंक्रोमेश म्हणजे काय? चालत्या जात्यावर दुसरी बाई बसते, तेव्हा आधी लय धरते, मग खुंट्याला हात घालते. तसंच आतलं पितळी कडं दोन्ही भागांचा वेग आधी सारखा करतं, मग दात अडकतात. कॅडिलॅक मोटारीत ही सोय १९२८ साली आली. आमच्या पहिल्या गिअरपर्यंत पोचायला जवळजवळ शंभर वर्षं लागली!

लोक विचारतात, “ॲव्हरेज वाढलं का?” पाचव्या गिअरात इंजिन निवांत फिरतं, हे खरं. पण माझा हिशेब वेगळा आहे. जुन्या बॉक्सला एकाच माणसाचा हात कळायचा, नव्याला घरातला कुठलाही शिकलेला हात चालतो. गेल्या महिन्यात सासूबाईंना तपासणीसाठी अंबाजोगाईला मीच घेऊन गेले.

ओट्यावर अजून जुनीच फरशी आहे. तिची काही घाई नाही.