दाखला

९ मे २०१९ रोजी रेव्हरंड नारायण वामन टिळकांना जाऊन शंभर वर्षं झाली. त्यानंतरच्या रविवारी, उपासना संपल्यावर, सांगलीतल्या आमच्या मंडळीत मी त्यांच्यावर बोलले. मी माहेरची साताऱ्याची, म्हणून बोलायचं माझ्याकडे आलं. १९१७ साली टिळकांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडलं, साताऱ्यात बिऱ्हाड केलं आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्तावर जीव असलेला प्रत्येक माणूस या दरबारात भाऊ किंवा बहीण, ही त्यांची कल्पना. ती नीट रुजण्याआधीच ते गेले. त्या दिवशी मी मिरजेच्या दवाखान्याचंही सांगितलं. वानलेस डॉक्टर १८८९ साली आधी सांगलीत आले, १८९४ मध्ये मिरजेचं रुग्णालय उभं राहिलं. आमच्या भागातल्या ख्रिस्ती माणसाला छाती भरून सांगावं असं हे दोन्ही आहे. शेवटी मी म्हणाले, की आपल्या दारात कुणाला ‘तू कोणाचा’ असं विचारलं जाऊ नये. पाळकसाहेब मोठ्याने आमेन म्हणाले.

तीन महिन्यांनी तोच प्रश्न मी विचारला.

ऑगस्टात कृष्णा चढली. आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. मंडळीचा हॉल उंचावर असल्यामुळे वाचला होता. पंच कमिटीचं फोनवरच ठरलं, की आपल्या ज्या कुटुंबांच्या घरात पाणी शिरलंय त्यांची सोय हॉलमध्ये करायची. मी महिला मंडळाची चिटणीस. दारात टेबल टाकून वही घेऊन बसले. नाव, घरातली माणसं, सभासद क्रमांक असे रकाने आखले. माझ्या वह्या नेटक्या असतात, आणि त्याबद्दल आजवर कौतुकच ऐकत आले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक बाई आली. बरोबर दोन मुली, धाकटी कडेवर. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, हातात एक पिशवी आणि गॅसच्या शेगडीची नुसती नळी. घाईत ती नळीच का उचलली असेल, कोण जाणे. मी नाव विचारलं, तिने सांगितलं. मग मी विचारलं, ‘‘सभासद आहात का?’’

तिला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं, ‘‘आपल्या मंडळीतल्या आहात का? कुठल्या मंडळीचा दाखला?’’

‘‘न्हाय वो ताई. लाईट दिसली म्हनून आलो. रातच्यापुरतं बसू द्या.’’

मी तिला हाकललं नाही. आवाजही चढवला नाही. समोरच्या रस्त्याने गेल्यावर शाळेत सरकारी छावणी आहे, तिथे डॉक्टर आहेत, जेवण आहे, तुमची सोय तिथे जास्त चांगली होईल, असं गोड बोलून सांगितलं. ती ‘‘बरं’’ म्हणाली आणि गेली. बाहेर पाऊस होता. मी वहीत तिच्या नावावर रेघ मारली.

माझ्याकडे कारणं होती. न्हाणीघरं दोन, माणसं चाळीसच्या वर, तांदूळ दोन दिवसांचा. शिवाय मंडळीची नोंदवही आमच्याकडे हलकी गोष्ट नसते. वार्षिक सभेत मत, लग्नाची घोषणा, दफनभूमीतली जागा, सगळं त्या नावावर चालतं. थोडक्या लोकांच्या समाजाला आपली यादी जपावी लागते, हे मला आजही पटतं. पण यादी जपणं आणि दार राखणं यांतला फरक त्या संध्याकाळी मला कळला नाही. माझी चूक तिथे आहे. कमिटीने मला ‘बाकीच्यांना घेऊ नका’ असं सांगितलं नव्हतं. तो अर्थ मी माझ्या मनाने काढला.

आत सतरंजीवर आमच्याच मंडळीतल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांचं घर छपरापर्यंत बुडालेलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. उठून आल्या, वहीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘‘बाळा, माझं नाव खोड आणि तिचं लिही. मी खुर्चीत बसून रात्र काढीन.’’

मी छत्री न घेता रस्त्यावर धावले. कोपऱ्यापर्यंत गेले, शाळेत गेले. तिथे शेकडो माणसं होती. ती सापडली नाही.

त्या रात्री झोप लागली नाही तेव्हा साताऱ्यातला एक नाताळ आठवला. मी एकोणीस वर्षांची, शब्बाथ शाळेत शिकवत होते. करंज्या-चिवड्याच्या पुड्या आम्ही रात्रभर बसून बांधल्या होत्या. कार्यक्रमाला पलीकडच्या वस्तीतली पोरंही आली, वर्षभर कधीमधी येऊन मागे बसायची तीच. माझ्या हातात हजेरीची यादी. यादीतल्या मुलांना आधी, उरलं तर त्यांना, असं मीच ठरवलं. उरलं नाही. एका पोराने रिकामी टोपली उलटी करून पाहिली. नाताळनंतर त्यांतलं एकही परत आलं नाही, आणि नवीन वर्षाच्या हजेरीत मला ते जाणवलंसुद्धा नाही, कारण त्यांची नावं यादीत कधी नव्हतीच.

म्हणजे पुराच्या घाईत माझ्या हातून एकदाच काही घडलं, असं मला म्हणता येत नाही. मला ती सवय होती. आणि ती माझ्या एकटीची नाही, हेही लिहिते. नव्या माणसाला ‘आडनाव काय, मूळ गाव कुठलं, आधीचे कोण’ हे तीन प्रश्न आमच्यात अगदी प्रेमाने विचारले जातात. तिसऱ्या प्रश्नात जात विचारलेली असते. मुलाचं लग्न ठरवताना मीही तो विचारलेला आहे. ज्या समाजातल्या कित्येकांचे आजे-पणजे हाच प्रश्न चुकवण्यासाठी चर्चच्या पायऱ्या चढले, त्या समाजात हा प्रश्न जिवंत राहावा, याची मला लाज वाटते.

आम्ही येशूच्या दृष्टांताला दाखला म्हणतो. चांगल्या शोमरोन्याचा दाखला मी तीस वर्षं मुलांना शिकवला. वाटेवर जखमी पडलेला माणूस पाहून याजक गेला, लेवी गेला, थांबला तो परका. मुलं याजकाला नावं ठेवायची, मीही ठेवायची. आणि माझ्या दारात ओली माणसं उभी होती तेव्हा मी कागदाचा दाखला मागितला.

पुढच्या रविवारी मी हे मंडळीसमोर उभं राहून सांगितलं. चिटणीसपद सोडते म्हटलं. ते त्यांनी मान्य केलं नाही, पण वही माझ्याकडून काढून घेतली, आणि ते बरोबर केलं.

ती बाई मला पुन्हा दिसली नाही. खोडलेलं नाव वहीत अजून वाचता येतं. हे वाचणारं कुणी एखाद्या मंडळीच्या कमिटीवर असेल, तर एवढंच करा. संकटाच्या दिवशी वही घेऊन बसणाऱ्या माणसाला आत तांदूळ निवडायला पाठवा, आणि दारात त्या आजींसारखं कुणीतरी बसवा.